जिभेखालचा गोटा

व्रबोवा गावाचा संत गप्प राहिला म्हणून मेला, आणि त्याच्या भक्तांपैकी एकाच्याही तोंडात तीळ भिजत नव्हता. राणीने पापकबुलीत काय सांगितलं ते राजाने विचारलं, ती कबुली ऐकणाऱ्या पाद्री यान नेपोमुकने ब्र काढला नाही, तेव्हा राजाने त्याला प्रागच्या पुलावरून नदीत टाकलं आणि पाण्यावर पाच तारे चमकले. या गोष्टीला सहाशे वर्षं होत आली. पुढे जिथे पूल तिथे यान, असं होऊन बसलं. व्रबोव्याच्या पुलावरही तो उभा होता, झिजलेल्या नाकाचा, डोक्याभोवती पत्र्याचे पाच तारे लावलेला.

कम्युनिस्ट सरकार देव मानत नव्हतं, पण पूल मानत होतं. गावच्या समितीचा अध्यक्ष मिलोटा याने पुतळा हलवायचा घाट घातला, तेव्हा मिस्त्री म्हणाला की चौथरा कमानीतच गुंतलाय, तो काढला तर दुधाची लॉरी थेट नदीत. मग मिलोटाने खाली पाटी ठोकली, 'सरंजामी राजाचा बळी', आणि तारे लाल रंगवून घेतले. रंग हलका निघाला. पहिल्याच सरीत तो ओघळून संताच्या गालांवर उतरला आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी चमत्कार झाला म्हणून मेणबत्त्या लावल्या. मिलोटाने मुकाट्याने तारे पुन्हा पिवळे केले.

दर मे महिन्यात संताच्या सणाला गावातला एक माणूस यान व्हायचा. काळा झगा, डोक्यावर कागदी तारे, आणि जिभेखाली नदीतला एक गोटा. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत त्याने पुतळ्याच्या पायाशी बसायचं. ज्याला जे सांगायचं ते त्याने यानच्या कानात सांगायचं. संध्याकाळी यान तो गोटा नदीत थुंकणार आणि दिवसभर ऐकलेलं सगळं गोट्याबरोबर तळाला जाणार. शहरातून महिन्यातून एकदा पाद्रीबाबा यायचे, पण त्यांच्याकडे कबुलीला कोणी फिरकत नसे. आपण बोललेलं तिथून सरळ पोलिसांत जातं, अशी सगळ्यांची खात्री होती. पाद्रीबाबा बिचारे सरळ असतीलही, पण परीक्षा कोण बघणार? त्यामुळे पुलावरचा यान जोरात चाले. समितीच्या कागदांवर त्याचं नाव 'नदी आणि शांतता दिन' असं होतं.

त्या वर्षी यान म्हणून सिरिल हानाकची निवड झाली. सिरिल सहकारी शेतीच्या फाटकावरचा काटेवाला. बीट, द्राक्षं, डुकरं, जे काही आत-बाहेर जाई ते त्याच्या वजनकाट्यावरून जाई. आणि सिरिल पोलिसांचा माणूस होता.

हे गुपित होतं, म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दर गुरुवारी कॅप्टन झोउबेकची गाडी काट्याच्या खोलीमागे उभी राही. कॅप्टन साध्या कपड्यांत यायचा, आणि साध्या कपड्यांतला पोलीस तर लांबून ओळखू येतो. गावाला सिरिलचा राग नव्हता. चुगलखोर कोण हे माहीत नसलं तर प्रत्येकाची भीती बाळगावी लागते. इथे तो माहीत होता, तेव्हा त्याच्यासमोर काय बोलायचं आणि काय नाही हे पोरासोरांनाही कळत होतं. शिवाय कोणाबद्दल काही वर पोचवायचं असेल तर तेही सोयीचं. कोणाच्या घरी डुक्कर कापलं की सॉसेजचा पहिला वाटा सिरिलकडे जाई.

सिरिल या फंदात पडला तो मुलीपायी. बायको वारलेली, घरात एकटी रादाना. तिला ब्र्नोला डॉक्टरी शिकायची होती आणि तिचा एक मामा कॅनडात पळून गेलेला. असा मामा असलेल्या मुलीचा अर्ज टेबलावरून खाली पडायचा आणि कोणी उचलायचं नाही. झोउबेक एका गुरुवारी आला आणि म्हणाला की अर्ज उचलता येईल. सिरिलने मान हलवली. तो स्वतःला सांगे की आपण फालतू गोष्टी कळवतो: व्हिएन्नाचा रेडिओ कोण ऐकतं, कोणाला दारू चढल्यावर काय सुचतं. पण एकदा त्याने शाळेतल्या संगीताच्या मास्तरांचा एक विनोद कळवला आणि मास्तरांची नोकरी गेली. तेव्हापासून सिरिल मास्तरांच्या गल्लीतून जात नसे. त्याला लाज वाटे, आणि ती लाज घेऊन तो पुढच्या गुरुवारी पुन्हा बोले.

त्याला यान करायची कल्पना झोउबेकचीच. लोक स्वतःहून रांग लावून कानात सांगणार, असा पूल देशात दुसरा नाही, असं म्हणून त्याने मिलोटाच्या पाठीवर थाप मारली होती.

सणाच्या दिवशी रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. एवढी रांग कधी वर्षातून एकदा दुकानात येणाऱ्या केळ्यांसाठीही लागली नव्हती.

पहिला आला खाटीक बोहुश. त्याने टोपी काढली, गुडघे टेकले आणि आपण पापी असल्याचं सांगितलं. पाप कुठलं, तर शेजाऱ्याला क्षमा करता येत नाही. का येत नाही, तर शेजाऱ्याने सहकारी संस्थेचं सिमेंट पळवलंय. "कोठीत," बोहुश म्हणाला, आणि सिरिलला नीट कळावं म्हणून सावकाश म्हणाला, "आत शिरल्यावर डावीकडे. ताडपत्रीखाली." मग त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मोकळ्या मनाने उठला.

मागून व्लास्ता काकू आल्या. त्यांचं पाप असं की त्यांना ऐकू फार येतं. भिंत पातळ, त्याला त्या काय करणार? पलीकडच्या घरातली सून टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांचं भाषण लागलं की हसते. एकदा नाही, दर वेळी. सून चांगली आहे, देव तिचं भलं करो, पण हसते. दुपारपर्यंत असंच चाललं. गावातल्या एकानेही स्वतःचं पाप सांगितलं नाही. सगळ्यांच्या मनावर दुसऱ्यांच्याच पापांचं ओझं होतं, आणि ते ओझं कुठे पोचवायचं याचा पत्ता प्रत्येकाला ठाऊक होता.

जेवणाच्या वेळी पूल रिकामा झाला तसा खुद्द मिलोटा आला. इकडेतिकडे बघून तो वाकला. त्याचं पाप भित्रेपणाचं होतं. कॅप्टन झोउबेक दर महिन्याला बोहुशकडून आख्खी हॅम फुकट नेतो, हे त्याला दिसतं आणि तरी तो जिल्ह्याला कळवत नाही. ही गोष्ट त्याच्या काळजाला फार टोचते. ती जिल्ह्यापर्यंत कोण नेणार हे मिलोटाने बोलून दाखवलं नाही, पण सिरिलच्या खांद्यावर हात मात्र बराच वेळ ठेवला. सिरिल समोर बघत राहिला. गोट्याने जीभ सोलवटली होती आणि हनुवटीवरून लाळ गळत होती, ती पुसावी की नाही याबद्दल रीत काही सांगत नव्हती.

उन्हं कलल्यावर रांग संपत आली तेव्हा शेवटी रादाना दिसली. परीक्षा तोंडावर असताना ती ब्र्नोहून का आली हे सिरिलला सकाळपासून कळत नव्हतं. ती कधी यानच्या रांगेत उभी राहिली नव्हती. तिने गुडघे टेकले आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"बाबा, माझ्याकडे बघू नका. समोर बघा. जुलैत मी युगोस्लाव्हियाला जाणार आहे ना, समुद्रावर. मी परत येणार नाहीये."

सिरिलने समोर पाहिलं. समोर गिरणी होती.

"तिथून इटलीत शिरायचं, पुढचं पुढे. दुसऱ्या कुठल्या दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही थांब म्हणाला असता आणि मी थांबले असते. नाहीतर गुरुवारी त्या माणसाला सांगितलं असतंत. मला माहितेय सगळं. पहिल्या वर्षापासून माहितेय. माझ्या एकेका परीक्षेमागे गावातल्या कोणाचं तरी नाव आहे, बाबा. मास्तरांचं आहे. मला नाही आता सहन होत. मी गेले की तुम्हाला कोणासाठी बोलायचं कारणच उरणार नाही."

मग तिने त्याच्या हनुवटीवरची लाळ आपल्या रुमालाने पुसली आणि उठून गेली.

गोटा थुंकून एक हाक मारली असती तर ती थांबली असती. हेही नको, गुरुवारी झोउबेकला एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं. तिचा पासपोर्ट गेला असता, डॉक्टरी बहुधा गेली असती, पण ती इथे राहिली असती, रविवारी जेवायला आली असती. आपल्याला हा विचार सुचला याची सिरिलला भीती वाटली, आणि तो सोडवेना म्हणून आणखी भीती वाटली. संध्याकाळची घंटा झाल्यावर त्याने कठड्यावरून वाकून गोटा थुंकला. यंदाचा यान रडला बरं का, असं व्लास्ता काकूंनी सगळ्यांना सांगितलं, आणि माणूस मनावर घेतो म्हणजे काम होणार, असंही सांगितलं.

रात्री जेवताना आता त्याला बोलायची मुभा होती. रादाना चमचा हातात धरून त्याच्याकडे बघत होती. "सुपात मीठ कमी आहे," सिरिल म्हणाला. पुढे दोघांमध्ये त्या विषयावर एक शब्दही झाला नाही, आणि सकाळी ती ब्र्नोला निघून गेली.

गुरुवारी झोउबेक आला तो खुशीत. त्याने खिशातून रादानाचा परदेशी जाण्याचा परवाना काढून टेबलावर ठेवला. त्यावर फक्त त्याची शिफारस आणि सही बाकी होती. आधी पुलाचं बोल, मग सही, असा सौदा त्याने सरळच मांडला.

सिरिलने ठरवलं होतं की सिमेंटचं सांगून टाकायचं. सिमेंट चोरलेलंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. त्याने तोंड उघडलं, आणि मास्तर आठवले, आणि तोंड मिटलं.

"कोणी काहीच बोललं नाही?" झोउबेकने विचारलं.

"बोलले."

"कोणाबद्दल?"

सिरिल खाली फरशीकडे बघत राहिला. झोउबेकने सिगारेट पेटवली. इतक्या वर्षांत या माणसाला बोलतं करावं लागलं नव्हतं, उलट कधी कधी आवरावं लागे.

"माझ्याबद्दल?" झोउबेक हसत म्हणाला.

सिरिलला हॅम आठवली आणि त्याने दचकून वर पाहिलं. झोउबेकचं हसू तिथेच राहिलं.

"हॅमचं असेल," तो म्हणाला. "हे बघ, तो बोहुश आपणहून देतो. मी नको म्हणतो तरी देतो."

काय बोलावं हे सिरिलला खरंच कळत नव्हतं.

"मग काय, विटांचं? विटा उरलेल्या होत्या. पावसात पडून खराब झाल्या असत्या." झोउबेकने सिगारेट विझवली आणि लगेच दुसरी काढली. "त्या दवाखान्यातल्या नर्सचं कोणी सांगितलं? मिलोटाने? सिरिल, मला बायको आहे रे, दोन मुलं आहेत."

विटा आणि नर्स सिरिलला आत्ताच कळत होत्या. उभ्या सणात मनापासूनची अशी कबुली कोणी दिली नव्हती, आणि ही तर न मागता मिळाली होती. "तुम्हाला रीत ठाऊक आहे," तो शेवटी म्हणाला. "ऐकलेलं नदीत जातं."

"फार चांगली रीत," झोउबेक म्हणाला. "जुन्या गोष्टी जपल्या पाहिजेत." आणि त्याने परवान्यावर सही केली.

गावात मात्र जून उजाडला तरी काहीच हालचाल नव्हती. सिमेंट ताडपत्रीखाली सुखात होतं. पलीकडची सून राष्ट्राध्यक्षांना हसत होती. शेवटी बोहुश काट्यावर आला आणि त्याने पुलावरचं बोलणं नीट ऐकू आलं होतं ना, असं सिरिलला विचारलं.

"आलं."

"मग?"

"नदीत गेलं."

"नदीत?" बोहुशचा चेहरा लाल झाला. "अरे, मी काय नदीला सांगायला आलो होतो? कामधंदा सोडून दोन तास रांगेत उभा राहिलो मी. तुझ्या भरवशावर."

ही बातमी तासाभरात गावभर झाली. सिरिलने कोणाचंच काही वर कळवलं नाही. इतकी वर्षं याला आपण सॉसेज खाऊ घातली आणि ऐन वेळी हा मूग गिळून बसला. माणसावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही, असं गुत्त्यात एकमताने ठरलं. हा स्वतःला संत समजायला लागलाय, असंही कोणी म्हणालं, आणि त्यावर मोठा हशा झाला. व्लास्ता काकूंनी नमस्कार बंद केला. सिरिल गुत्त्यात शिरला की बाकांवर जागा नसे. चुगल्या करणारा सिरिल गावाला चालला होता, हा नवा त्यांना धोक्याचा वाटू लागला. त्याच्या पोटात काय काय आहे कोणास ठाऊक, अशी भीती त्यांना पहिल्यांदाच वाटली.

रादाना डॉक्टर होऊन आली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती शेजारी निरोप घ्यायला गेली आणि परतली तेव्हा तिची बॅग उघडी होती. तळाशी घडी घालून ठेवलेला हिवाळ्याचा कोट टेबलावर होता. कोटाच्या अस्तरात शिवलेलं पदवीचं प्रमाणपत्र सिरिलने उसवून बाहेर काढलं होतं. कात्री त्याच्या हातातच होती.

तिचा रंग उडाला. "बाबा, ठेवा ते परत."

"समुद्रावर कोट कोण नेतं?"

"ठेवा म्हणते ना."

"वरच्या आळीतलं ते कुटुंब आठवतं? सुट्टीला म्हणून बल्गेरियाला निघालं होतं," सिरिल म्हणाला. "त्यांनी लोकरीचे बूट बांधलेले मी पाहिले. मीच कळवलं. सीमेवरून परत आणलं त्यांना." त्याने कात्री खाली ठेवली. "आधी कोट बघतात, रादुश. मग अस्तर चाचपतात. मग परतीचं तिकीट. सुट्टीला निघालेल्या माणसाच्या बॅगेत फालतू सामान लागतं."

त्याने कपाटातून आणून ठेवलेलं सामान तेव्हा तिला दिसलं. गवती हॅट, फुगवायचं रबरी चाक, शिंपले भरायची जाळीची पिशवी, अर्धी संपलेली उन्हाची क्रीम. कोट आणि प्रमाणपत्र बाजूला ठेवून तो एकेक वस्तू बॅगेत भरू लागला. पोहायच्या कपड्यांची घडी त्याने मुद्दाम विसकटली आणि ते सगळ्यात वर ठेवले. हा धंदा त्याला इतका चांगला येत होता की त्याचीच त्याला शरम वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोगही झाला.

रादाना खुर्चीवर बसून रडत होती. "तुम्ही इतके दिवस एकदाही काही बोलला नाहीत."

"बोललो असतो तर थांबच म्हणालो असतो," सिरिल म्हणाला आणि बॅगेची चेन लावायला लागला. चाकामुळे ती बसत नव्हती. दोघांनी मिळून बॅग दाबली.

सकाळी बस थांब्यावर अर्धं गाव होतं. बापाशी अबोला असला तरी मुलीकडून कॉफी आणि जीन्स मागवायला कोणाची हरकत नव्हती. व्लास्ता काकूंना डोक्याचा रेशमी रुमाल हवा होता, फुलांचा, पण भडक नको. रादाना सगळ्यांना हो म्हणाली. बस आली तसा सिरिल मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. महिन्याभरात त्याचा आवाज गावाने ऐकला नव्हता.

"महिनाअखेरीला जर्दाळू उतरवायचेत. उशीर करू नकोस. मी एकट्याने शिडीवर चढणार नाही, सांगून ठेवतो."

रादानाने पायरीवर पाय ठेवला आणि वळून त्याच्याकडे पाहिलं.

"येते मी, बाबा."

"ये," सिरिल म्हणाला.

मुलगी एवढी लांब निघालीय आणि याला जर्दाळूंची पडलीय, असं बस हलल्यावर व्लास्ता काकू बोहुशला म्हणाल्या. ऑगस्टमध्ये बातमी फुटली तेव्हा आपल्याला आधीच संशय होता, असं दोघांनीही सांगितलं. झोउबेकने चौकशी फार लांबवली नाही, परवान्यावर सही त्याचीच होती.

जर्दाळू त्या वर्षी फांद्या मोडतील इतके लागले. ते सिरिलने एकट्याने उतरवले.